हडळीला घोंगडी पांघरताना : आपल्याकडच्या भुताखेतांवर विडंबन सुपरहीरो कॉमिक कसं काढायचं

सातारा-सांगली भागात कॉमिक काढू पाहणारी मुलंमुली भेटतात तेव्हा बहुतेकांच्या वहीत एकच कल्पना असते. नायक आपल्या मातीतला, शक्ती भुताखेतांच्या, आणि सगळा मामला विनोदी. कल्पना उत्तम आहे. पण पुढे काय करायचं हे सांगणारं जवळपास कुणी नसतं. चित्रकार मित्राला लिखाणातलं कळत नाही, छापखान्याला कॉमिक म्हणजे लग्नपत्रिकेसारखंच एक काम वाटतं, आणि घरचे म्हणतात, "भुताच्या नादाला कशाला लागता?" या सगळ्यातून मी गेलोय. ज्यांनी अजून एकही पान छापलेलं नाही त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

१. हसायचं कुणावर, ते आधी ठरवा

चित्राला हात लावण्याआधीचं हे काम आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही. चेटूक, करणी, भानामती, मूठ हे शब्द कॉमिकमध्ये गमतीचे वाटतात. गावात त्यांची किंमत बाईमाणसानं मोजलेली आहे. विधवा, एकटी राहणारी, मूल नसलेली अशी कुणीतरी हेरायची आणि जनावर दगावलं, पोर आजारी पडलं की बोट तिच्याकडं दाखवायचं, हे आपल्याकडे घडत आलंय.

सातारा हे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं गाव. त्यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळं रोगराई येते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा या कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. ज्यांनी हे सगळं उभं केलं त्यांच्या गावात बसून आपण चेटकिणीवर विनोद लिहिणार असू, तर एवढं भान हवंच.

म्हणून माझा नियम सरळ आहे. जिला चेटकीण म्हटलं जातं तिच्यावर हसायचं नाही. भीती विकून पोट भरणाऱ्यावर आणि आपल्या सगळ्यांच्या मनातल्या भीतीवर मनसोक्त हसायचं. पटकथा झाली की प्रत्येक विनोदाशेजारी समासात लिहा : इथं लहान कोण होतंय? उत्तर 'बुवा', 'सावकार', 'घाबरट सरपंच' असं आलं तर विनोद ठेवा. 'म्हातारी', 'गरीब', 'अमुक समाज' असं आलं तर काढून टाका, कितीही हसू येत असलं तरी.

२. भुतं गोळा करा

विडंबन जमायला मूळ गोष्ट अचूक माहीत असावी लागते. वाचकाला मुंजा पिंपळावर असतो हे माहीत असतं, म्हणूनच तो मोबाइलच्या टॉवरवर बसलेला दाखवला की हसू येतं. तुम्हीच त्याला वडावर बसवलात तर गंमत तिथंच संपते.

पहिली पायरी वाईची. मराठी विश्वकोशाचं काम वाईतून चालत आलंय आणि विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो. भूत, जादूटोणा या विषयांवरच्या नोंदी वाचून काढा. मग माणसांकडे वळा, कारण गावचं भूत पुस्तकात सापडत नाही.

विचारण्याची एक पद्धत आहे. "आजी, तुमच्या गावात भूत होतं का?" असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं : "न्हाई बाबा, आमच्यात तसलं काय न्हाई." त्याऐवजी असं विचारा, "तुमच्या वेळी रातीची दारं धरायला कोण जायचं? कुठल्या वाटेनं?" रात्रीची लाइट आली की पाटाचं पाणी सोडायला एकट्यानं शेतात जावं लागतं, आणि या भागातल्या निम्म्या भूतकथा त्या वाटेवर घडलेल्या आहेत. आजी आपसूक सांगायला लागतात. कुठल्या चिंचेखालून जायचं नाही, तिकटीवरच्या उताऱ्याला पाय का लावायचा नाही, चकवा लागला तर आहे तिथंच बसून उजाडायची वाट का बघायची. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा. गाव, नाव छापणार नाही हे स्पष्ट सांगा आणि तो शब्द पाळा.

इथं दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा देवांचा. म्हसोबा, बिरोबा, सिद्धनाथ, काळूबाई, यमाई, साती आसरा ही भुतं नव्हेत. लोक त्यांना नवस बोलतात, खरसुंडीला आणि म्हसवडला यात्रेला जातात, आरेवाडीच्या बनात बिरोबापुढं भंडारा उधळतात. त्यांना विडंबनात ओढू नका. वेताळ मात्र सीमेवर उभा असतो. गोष्टींत तो भुतांचा राजा असतो, आणि काही गावांत शेंदूर लावलेला ग्रामदैवतही. तुम्ही ज्या गावावर बेतताय तिथं वेताळाचं ठाणं आहे का, हे चौकशी करूनच ठरवा.

दुसरा खड्डा जातीचा. आपल्या भुतांना जातधर्म चिकटलेले आहेत. ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा, मुंजा मुंज होऊन लग्नाआधी गेलेल्या मुलाचा, खवीस मुसलमानाचा, अशी वाटणी जुन्या समजुतीत आहे. ही वाटणी जशीच्या तशी कॉमिकमध्ये आली की खलनायक कोण आणि विदूषक कोण हे वाचक जातीवरून वाचायला लागतो. मी भुताच्या फक्त वागण्याच्या सवयी घेतो आणि जात तिथंच सोडतो.

३. नियम लिहा, मग शक्ती द्या

प्रत्येक भुतासाठी एक पान करा. ते कसं झालं, कुठं राहतं, केव्हा दिसतं, काय करतं, कशाला भितं. सुपरहीरोच्या गोष्टीत हेच प्रश्न असतात : उगम, अड्डा, शक्ती, कमजोरी. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की निम्मं कॉमिक तुमच्या हातात आलं.

आमची नायिका हडळ आहे, म्हणून तिचंच उदाहरण देतो. बाळंतपणात किंवा ओली बाळंतीण असताना गेलेली बाई हडळ होते, अशी समजूत आहे. तिचे पाय उलटे असतात. आता हे नीट वाचा. या भुतामागं खरी बाई आहे. वेळेवर दवाखाना मिळाला नाही म्हणून गेलेली, आणि गेल्यावर गावानं जिची भीती घातली ती. तिला सुपरहीरो करायचं तर तिचं काम काय असणार, हे वेगळं शोधावं लागत नाही. ती रात्री बाळंतिणीच्या १०८ रुग्णवाहिकेला वाट करून देते. शक्ती म्हणजे लोकांची भीती, कारण ती दिसली की रस्ता आपोआप रिकामा होतो. उलट्या पायांमुळं पाठलाग करणारे नेहमी विरुद्ध दिशेला जातात. विनोद सगळा पळणाऱ्यांवर, आणि ती शेवटपर्यंत आदराची धनी.

सुपरहीरोच्या ठरावीक गोष्टींना आपल्याकडचं रूप शोधा. केप हवी? धनगरी घोंगडी आहे. डोक्यावरून खोळ घेतली की चेहरा झाकतो आणि पाठीवर लोळतेही, वेगळा मुखवटा लागत नाही. नायकाला बोलावणारा आकाशातला दिवा हवा? आपल्याकडं दवंडी आहे, देवळाचा भोंगा आहे. चेला हवा? मुंजाहून चांगला चेला मिळणार नाही. वय कायम तेच, लग्नाचा विषय काढला की चिडतो, आणि दगड मारण्यात पटाईत. दुसऱ्या कंपनीच्या नायकाचं नाव, छातीवरचं चिन्ह किंवा पोशाख मात्र घेऊ नका. त्याचं कारण सातव्या पायरीत येईल.

खलनायकासाठी भोंदूबाबा हवा आणि त्याचे चमत्कार खरे, म्हणजे खरोखर करून दाखवता येणारे हवेत. सांगलीकरांसाठी तर साहित्य घरात आहे. हळदीला चुन्याचं पाणी लागलं की ती लालभडक होते. बाबा हळद लावलेल्या कापडावर 'मंतरलेलं पाणी' शिंपडतो, 'रक्त' उमटतं, गाव गुडघ्यावर येतं. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन ओतलं की थोड्या वेळात आपोआप पेट घेतं; 'मंत्रानं होम पेटवणं' ते हेच. कॉमिकमध्ये दाखवा, पण लहान मुलं घरी करून बघतील अशा मापानं आणि कृतीनं लिहू नका.

बाबाचा अड्डा कुठं असावा? सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची जुनी पेवं आहेत, जमिनीखालची. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, कारण बंद पेवातली हवा गुदमरवते. आता बाबा म्हणणार, "पेवात समंध हाय, उतरंल त्यो मरंल." मरणाचं कारण हवा, फायदा बाबाचा, आणि आत लपवलंय काय ते तुम्ही ठरवा. अशी एक जागा सापडली की कथानक तिच्याभोवती आपण होऊन गोळा होतं, म्हणून मी जागा आधी शोधतो आणि घटना नंतर.

४. पटकथा

पहिलं कॉमिक चोवीस पानांचं ठेवा. पानांची संख्या चारच्या पटीत हवी, नाहीतर मधल्या पिनेच्या बांधणीत कोरी पानं राहतात. एका पानावर चार ते सहा चौकटी पुरेत. पान उलटल्यावर जे दिसणार ते नेहमी सम आकड्याच्या पानावर येतं. म्हणून भूत प्रकट व्हायचं असेल तर सहा किंवा आठ नंबरला, आणि दाराची कडी वाजायची ती आधीच्या विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत.

लिहिण्याचा नमुना असा :

चौकट १ : खंबाटकी घाट, रात्र. साताऱ्याकडं चढणाऱ्या ट्रकांची रांग. मध्ये अडकलेली १०८.
ट्रकवाला : आरं सरक की म्होरं!

चौकट २ : जवळून. मातीत उमटलेली पावलं, टाचा पुढं.
क्लीनर : दादा, ही बाय आली कुठनं नि गेली कुठं?

चौकट ३ : घोंगडीची खोळ. चेहरा अंधारात.
हडळ : गाडीत बाळंतीण हाय. वाट देताय, का मी येऊन बसू टपावर?

चौकट ४ : पानभर रुंद. घाट रिकामा. १०८ चाललेली.
आवाज : सुर्रर्रर्र!

चित्रकाराला एवढं पुरतं. कुठल्या बाजूनं बघायचं, प्रकाश कुठला, हे त्याच्यावर सोडा.

बोलीबद्दल एक आग्रह. बोली फक्त विनोदी पात्राच्या तोंडी घालायची आणि नायिकेला छापील भाषा द्यायची, ही जुनी खोड आहे. त्यातून बोली म्हणजे अडाणीपणा असंच वाचकाच्या मनावर ठसतं. आमच्याकडं हडळ गावाकडचं बोलते आणि भोंदूबाबा जड, संस्कृताळलेलं. माण, जावळी, मिरज, जत, सगळीकडं बोलण्याचा हेल बदलतो, तेव्हा ज्या गावाची गोष्ट त्या गावच्या माणसाकडून संवाद मोठ्यानं वाचून घ्या. जीभ अडखळते तिथं वाक्य बदला.

५. चित्र

लागणारं सामान फार नाही :

- पेन्सिल, जलरोधक काळी शाई, ब्रश किंवा ड्रॉइंग पेन
- जाड कागद, छपाईच्या दीडपट आकाराचा (लहान करताना रेघ घट्ट होते)
- ६०० डीपीआयला स्कॅन करणारा स्कॅनर. मोबाइलच्या फोटोवर भागवू नका
- रंगासाठी क्रिटा, अक्षरांसाठी इंकस्केप, पानं लावायला स्क्रायबस, तिन्ही फुकट
- संदर्भाचे फोटो : घाट, एसटी स्टँड, वाडा, उसाचा फड, पार

हडळ म्हटलं की पांढरी साडी आणि मोकळे केस हे सिनेमातून आलंय. या भागातली बाई नऊवारीत काढा. चुण्या कशा पडतात ते कळायला औंधच्या श्री भवानी संग्रहालयात एक दिवस घालवा. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी जमवलेली चित्रं आणि शिल्पं समोर उभं राहून बघता येतात.

पहिल्या कॉमिकला कृष्णधवल पुरे. रात्रीची गोष्ट काळ्यात जास्त रंगते आणि खर्चही आवाक्यात राहतो.

६. अक्षरं आणि आवाज

नवख्यांचं सगळ्यात जास्त काम इथं बिघडतं. देवनागरीला वर वेलांट्या-रफार आणि खाली उकार असतात, म्हणून इंग्रजी कॉमिकच्या मापाचा संवादाचा फुगा आपल्याला पुरत नाही. दोन ओळींत अंतर जास्त ठेवा आणि फुगा चित्राच्या आधी आखा, नाहीतर शेवटी नायिकेच्या डोक्यावर संवाद चढतात. इंग्रजीसारखी कॅपिटल अक्षरांची सोय नसल्यानं जोर द्यायचा तर ठळक अक्षर वापरा. 'कलम', 'बालू', 'मुक्त' हे फॉन्ट फुकट आणि छापायला मोकळे आहेत. हस्ताक्षराचा बाज हवा असेल तर कलम घ्या.

फोटोशॉप किंवा इनडिझाइन वापरत असाल तर मजकुराच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी' पर्याय चालू करा. तो बंद असला की ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाते आणि जोडाक्षरं सुटतात. छापखान्यात जुन्या डीटीपी फॉन्टवर काम चालत असेल तर तुमचा युनिकोड मजकूर तिथं बदलताना फुटतो. त्यावर उपाय एकच : सगळी अक्षरं 'कर्व्ह' करून, म्हणजे अक्षराचं चित्र करून, पीडीएफ द्या. मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवा, कारण कर्व्ह केलेलं अक्षर पुन्हा दुरुस्त होत नाही.

आवाजांसाठी इंग्रजीकडं बघूच नका. मराठीत आवाजांची श्रीमंती आहे : धपकन, धाडकन, खळ्‌कन, सळसळ, चर्रर्र, फुर्रर्र, भस्सकन, सणसणीत कानाखाली 'फाट्'. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाची सुरुवात केली, त्या परंपरेतले राक्षस 'अललल डुर्रर्र' करत रंगमंचावर यायचे. सांगलीच्या कॉमिकमधल्या खलनायकानं त्याच आरोळीनं प्रवेश करावा, याहून रास्त काय असेल? आवाज फॉन्टमध्ये लिहू नका, हातानं काढा. 'डुर्रर्र'चे रफार पानाबाहेर जाऊ देत.

७. कायदा आणि कागद

विडंबन आणि कॉपीराइट. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात विडंबनाला नाव घेऊन सूट दिलेली नाही. टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापर चालतो, पण कुणाचं पात्र उचलून विकायला लागलात तर त्या आधारावर विसंबू नका. सुपरहीरो या प्रकाराची थट्टा करा. पात्र, नाव, चिन्ह आपलं ठेवा.

लेखक आणि चित्रकार यांच्यात लेखी करार करा, मग तो सख्खा मित्र का असेना. पात्राचे हक्क कुणाचे, पुढच्या अंकात चित्रकार बदलला तर काय, पैसे कसे वाटायचे, हे लिहा. हक्क हस्तांतर कायद्यानं लेखीच लागतं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

जादूटोणाविरोधी कायद्यात अघोरी प्रथांना मदत होईल अशा जाहिराती, लेख, पुस्तकंही 'प्रसार' म्हणून येतात. बुवाची लबाडी उघडी पाडणारं कॉमिक त्याच्या अगदी उलट दिशेचं आहे. तरीही पूर्ण विधी, सामानाची यादी, 'हे केलं की ते होतं' असं काही छापू नका. आणि धार्मिक भावना हेतुपुरस्सर, दुष्टाव्यानं दुखावण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ आहे. दुसऱ्या पायरीत देवांना बाजूला ठेवायला सांगितलं त्याला हेही एक कारण. खऱ्या बाबाचं, देवस्थानाचं, कारखान्याचं नाव वापरू नका. कुणीही ओळखेल असं साम्यही टाळा.

८. छपाई

छापखान्यात जाण्याआधी हे तयार ठेवा : कर्व्ह केलेली पीडीएफ, चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जादा चित्र, मुखपृष्ठ छपाईच्या चार रंगांत (सीएमवायके). आतला कागद ८० ते ९० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, मुखपृष्ठ २५० ते ३०० जीएसएम. गडद काळी पानं असतील तर आतला कागद जाडच घ्या, नाहीतर मागचं चित्र पुढं दिसतं. थोड्या प्रतींना डिजिटल छपाई परवडते, हजाराच्या घरात गेलात की ऑफसेट. दर किमान तीन ठिकाणी लेखी घ्या आणि पिनिंग, लॅमिनेशन, कटिंग त्यात धरलंय का ते विचारा.

एक प्रत पूर्ण बांधून मागा आणि तीच तपासा. स्क्रीनवरचा काळा आणि कागदावरचा काळा वेगळा असतो. लग्नसराईत छापखाने तुडुंब असतात, त्या दिवसांत काम टाकू नका.

९. आयएसबीएन, चार प्रती आणि विक्री

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि फुकट मिळतो. स्वतः प्रकाशित करणाऱ्या लेखकालाही मिळतो. पैसे घेऊन 'करून देतो' म्हणणाऱ्यांची गरज नाही. नंबर येईपर्यंत मागचं मुखपृष्ठ छपाईला पाठवू नका. दर महिन्याला ठरलेल्या नावानं अंक काढणार असाल तर ते नियतकालिक ठरतं आणि त्याची नोंदणी वेगळी. पहिल्यांदा पुस्तक म्हणूनच काढा.

प्रकाशित झाल्यापासून तीस दिवसांत, १९५४ च्या कायद्याप्रमाणे, एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची असते. बहुतेक जण हे विसरतात. पाठवलीत की तुमची हडळ देशाच्या ग्रंथालयात कायमची राहते.

विक्रीसाठी पुस्तकांच्या दुकानांवर फार भिस्त ठेवू नका. उधारी वसूल होता होता दुसरा अंक निघतो. संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन भरतं, तिथं वाचणारी माणसं येतात. शाळांच्या ग्रंथालयांना, गावच्या वाचनालयांना स्वतः जाऊन दाखवा. ज्या आजींनी गोष्टी सांगितल्या त्यांच्या घरी पहिल्या प्रती पोचवा आणि जमलं तर बसून वाचून दाखवा. मुख्याध्यापकांनी "मुलं घाबरतील" म्हटलं तर हळद-चुन्याचं पान उघडून द्या, आणि शाळेत विज्ञानाचा तास मागून घ्या. एक वाटी हळद आणि चुन्याची डबी बरोबर ठेवा. रासायनिक प्रयोग पोरांपुढं तुम्ही किंवा शिक्षकांनीच करायचा.